आभाळाची सावड

शिरूर आणि दौंडच्या आम्ही बायका आज पुन्हा तुमच्या घरात आलो आहोत, नेहमीसारख्या रेडिओच्या वाटेनं. कुणाची भाकरी तव्यावर असेल, कुणी कांदा निवडत बसली असेल. हातातलं काम सोडू नका, कान तेवढा इकडं द्या.

आज बोलायचं आहे आभाळाबद्दल. पण सुरुवात करू या वावरापासून.

कांद्याची लागण आली की काय होतं, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. रोप उपटलेलं असतं, वाफ्यात पाणी सोडलेलं असतं, आणि घरातल्या दोन बायकांच्यानं ते काम उरकत नाही. मग आपण सावड करतो. आज तुझ्या वावरात सगळ्या, उद्या माझ्या. कुणी कुणाला पैसे देत नाही. पण हिशेब पक्का असतो. कोण किती दिवस आली, कुणाचा दिवस फेडायचा राहिला, हे वहीत लिहिलेलं नसलं तरी प्रत्येकीच्या ध्यानात असतं. आणि जी नुसती घेते, फेडत नाही, तिला पुढच्या साली कुणी बोलावत नाही.

तर मैत्रिणींनो, अवकाशाचा अभ्यास करणारे देशसुद्धा अशीच सावड करतात. आणि त्या सावडीतलं एक मोठं वावर आपल्या पुणे जिल्ह्यात आहे, जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या खोडदला. तिकडच्या कुकडीचं आणि मीनेचं पाणी घोड नदीला मिळतं, घोड आपल्या शिरूरवरून पुढं जाऊन भीमेला मिळते, आणि भीमा दौंडवरून वाहते. म्हणजे पाण्याच्या नात्यानं खोडद आपलं माहेरच्या अंगाचं गाव.

आम्ही तिथं गेलो होतो. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, तिथं शाळांचं प्रदर्शन भरतं आणि सगळ्यांना आत सोडतात. आम्ही गाडी ठरवली आणि मंचरवरून निघालो. नारायणगाव सोडलं, द्राक्षाच्या बागा मागं पडल्या, आणि एकाएकी पहिली थाळी दिसली. आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, "अगं बया, हे तर आभाळाकडं तोंड केलेलं सूपच की!"

फाटकावर पहिली गोष्ट सांगितली ती ही, की मोबाइल बंद करा. नुसता आवाज बंद नाही, पूर्ण बंद. आमच्यातल्या एकीचं पोर घरी तापानं पडलेलं होतं. तिचा जीव वरखाली झाला. ती म्हणाली, "एवढं काय ऐकतात हे, की माझ्या फोनची अडचण व्हावी?"

हाच प्रश्न आम्ही आत माहिती सांगणाऱ्या मुलीला विचारला. तिनं जे सांगितलं, ते आमच्या शब्दांत सांगतो.

या दुर्बिणीचं नाव जीएमआरटी. ही डोळ्यानं बघायची दुर्बीण नाही, कानानं ऐकायची म्हणा. तारे, आकाशगंगा, ढगासारखे पसरलेले वायू यांच्याकडून प्रकाश येतो तशा रेडिओलहरीही येतात. आत्ता आमचा आवाज तुमच्यापर्यंत आणतात ना, त्याच जातीच्या. फक्त त्या इतक्या क्षीण असतात, की त्यांच्यापुढं खिशातला मोबाइल म्हणजे कानाशी वाजणारा डीजे. कुजबुज ऐकायची असेल तर आधी डीजे बंद करायला लागतो.

अशा तीस थाळ्या तिथं आहेत. एकेक पंचेचाळीस मीटर रुंद, म्हणजे जवळजवळ दीडशे फूट. चौदा थाळ्या मधल्या एका चौकात आहेत आणि सोळा तीन फाट्यांवर, पार पंचवीस किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. सगळ्यांचं ऐकलेलं तारेनं एका जागी आणतात आणि एकत्र मिळवतात. मग त्या तीस वेगळ्या राहत नाहीत, एकच भली मोठी दुर्बीण होते. म्हणजे सावड तिथल्या थाळ्यांतच आहे.

आणि या थाळ्या पत्र्याच्या नाहीत. पोलादी दोर ताणून त्यावर बारीक तारेची जाळी बसवली आहे. आपण बाजेला सुंभ ताणतो तसंच. जाळीतून वारा निघून जातो, म्हणून थाळी हलकी झाली आणि खर्चही कमी आला. मग लहरी निसटत नाहीत का? नाही. चाळणीतून पीठ पडतं, शेंगदाणा पडत नाही. त्या लहरी जाळीच्या भोकांपेक्षा कितीतरी लांब असतात, म्हणून जाळी त्यांना भिंतीसारखीच. ही युक्ती डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. स्वरूप सर २०२० साली गेले.

आता सावडीचा पहिला हिशेब सांगतो. स्वरूप सर तरुण असताना, १९५३ साली, शिकायला ऑस्ट्रेलियात गेले होते. तिथं सिडनीजवळ सूर्याचा अभ्यास करायला लहान लहान थाळ्या लावलेल्या होत्या, सहा-सहा फुटांच्या. त्यांचं तिथलं काम संपत आलं, तेव्हा त्यातल्या बत्तीस थाळ्या ऑस्ट्रेलियातल्या त्या सरकारी संस्थेनं भारताला देऊन टाकल्या. त्या कुठं लागल्या, माहीत आहे? आपल्या कल्याणला! १९६५ साली. भारतातली ती पहिली रेडिओ दुर्बीण, दुसऱ्याच्या घरून आलेल्या थाळ्यांची. शेजारणीनं जुनं जातं दिलं आणि त्यावर आपण संसार उभा केला, तसं झालं. कल्याणनंतर १९७० मध्ये उटीला मोठी दुर्बीण झाली आणि त्यापुढं खोडद.

फेड कशी झाली, तेही ऐका. आज दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया या दोन देशांत मिळून जगातली सगळ्यांत मोठी रेडिओ दुर्बीण उभी राहते आहे. एसकेए असं तिचं नाव. पुष्कळ देश तिच्यात आहेत, भारतही आहे. एवढ्या अवाढव्य दुर्बिणीवर देखरेख ठेवणारी, तिला हुकूम सोडणारी यंत्रणा कशी असावी, याचा आराखडा करण्यात पुण्याची एनसीआरए ही संस्था पुढं होती. खोडदची दुर्बीण चालवते तीच ही संस्था. एके काळी ऑस्ट्रेलियातून थाळ्या आल्या, आता पुण्यातून अक्कल गेली. दिवस फिटला की नाही?

आणि खोडदची दुर्बीण आपण कुलूप लावून ठेवलेली नाही. २००२ पासून ती जगातल्या खगोलशास्त्रज्ञांना खुली आहे. कुठल्याही देशातून अर्ज करता येतो. काय बघायचं आणि का, हे पटवून द्यायचं. ज्याचा विचार चांगला, त्याला वेळ मिळतो. आजवर चाळीसच्या आसपास देशांतल्या लोकांनी आपल्या या दुर्बिणीतून आभाळ ऐकलं आहे.

आता तुम्ही म्हणाल, ज्याच्या त्याच्या देशात आभाळ आहेच की. आमच्या आभाळात असं काय आहे, जे त्यांना दिसत नाही? याचं उत्तर एका रात्रीच्या गोष्टीत आहे.

तारीख १९ ऑक्टोबर २०१६, बुधवार. त्या दिवशी संकष्टी होती. रात्री आठ-सव्वाआठची वेळ. आपल्यातल्या कितीतरी जणी मोदकाचं ताट झाकून, अंगणात येऊन पूर्वेकडं चंद्राची वाट बघत होत्या. त्याच वेळी खोडदच्या थाळ्यांनी पश्चिमेकडं तोंड केलं होतं, मंगळाकडं.

कारण मंगळावर त्या घडीला एक यान उतरत होतं. नाव त्याचं शियापारेल्ली, वजन पावणेसहाशे किलोच्या आसपास. यान युरोपातल्या देशांनी मिळून बनवलेलं, आणि त्याला घेऊन उडालेलं रॉकेट रशियाचं. त्याचा आवाज तसा आपल्यासाठी नव्हताच. मंगळाभोवती फिरणाऱ्या दुसऱ्या यानानं तो टिपायचा आणि नंतर पृथ्वीला कळवायचा, असं ठरलेलं होतं. पण उतरताना जे होईल ते तिथल्या तिथं कळावं, असं सगळ्यांना वाटत होतं. आणि त्या घडीला मंगळ युरोप-अमेरिकेच्या नाही, आपल्या बाजूच्या आभाळात सोयीचा होता. एवढं बारीक ऐकणारे कानही आपल्याकडं होते. म्हणून अमेरिकेच्या नासातले लोक आणि खोडदचे लोक मिळून ऐकायला बसले.

विचार करा. आपल्या या सामुदायिक रेडिओचं केंद्र शंभर वॅटचं. दहा-पंधरा किलोमीटर गेलं की आमचा आवाज खरखरायला लागतो. आणि मंगळ त्या रात्री होता साडेसतरा कोटी किलोमीटरवर. तिथून निघालेला आवाज खोडदला पोचायला पावणेदहा मिनिटं लागत होती. तरी तो पोचला. जाळीच्या थाळ्यांनी तो टिपला. यान मंगळाच्या हवेत शिरलं, आवाज चालू. हवाई छत्री उघडली, आवाज चालू. जर्मनीतल्या केंद्रात माणसं श्वास रोखून बसलेली. आणि जमिनीला टेकायच्या थोडं आधी आवाज बंद झाला.

पुन्हा आला नाही.

पुढं शोध लागला. यानाच्या आत तोल मोजणारं जे यंत्र होतं, ते झोके बसल्यावर क्षणभर गडबडलं. त्यावरून यानाच्या संगणकानं हिशेब केला, की आपण जमिनीवर पोचलो, किंबहुना जमिनीच्याही खाली गेलो! प्रत्यक्षात ते पावणेचार किलोमीटर वर होतं. त्यानं छत्री सोडून दिली, इंजिनं दोन-तीन सेकंदांत बंद केली, आणि दगडासारखं खाली आलं. कुठं पडलं, त्याचा फोटो दुसऱ्या दिवशी मंगळाभोवती फिरणाऱ्या अमेरिकेच्या यानानं काढला.

म्हणजे बघा, यान युरोपचं, रॉकेट रशियाचं, फोटो अमेरिकेचा, आणि शेवटचा आवाज ऐकणारा कान जुन्नर तालुक्यातला. पृथ्वी गोल आहे आणि फिरती आहे. कुठलाही देश कितीही श्रीमंत असला, तरी अख्खं आभाळ अष्टौप्रहर त्याच्या डोक्यावर राहत नाही. आपली पाळी आली की आपण जागं राहायचं. आभाळाची सावड हौस म्हणून होत नाही, गरज म्हणून होते. कांद्याचंही तसंच आहे.

सावड मोडली की काय होतं, तेही दिसलं. त्याच कामाचा पुढचा भाग म्हणून युरोप आणि रशिया मिळून मंगळावर एक चालती गाडी पाठवणार होते. गाडी तयार झाली. २०२२ मध्ये निघायचं ठरलं. त्याच वर्षी रशियानं युक्रेनवर हल्ला केला आणि युरोपनं ती भागीदारी थांबवली. तयार गाडी जमिनीवरच राहिली; आता २०२८ ची वाट बघते आहे. दोन भावांचं भांडण झालं आणि पेरणीच्या वेळी पाभर घरातच पडून राहिली, तशी गत.

आता मैत्रिणींनो, या सावडीतला अवघड हिशेब. तो न सांगता उठलो, तर आमचं बोलणं अर्धं राहील.

खोडदची दुर्बीण शांतता मागते. आवाजाची शांतता नव्हे, रेडिओलहरींची. तिच्या आसपास मोबाइलचा मनोरा कुठं असावा, कारखाना कुठला यावा, याच्यावर बंधनं आहेत. आणि अलीकडं गोष्ट आली रेल्वेवर. पुण्याहून नाशिकला जाणारी वेगवान रेल्वे मंचर, नारायणगाव, संगमनेर अशी जाणार म्हणून वर्षानुवर्षं ऐकत होतो. मग रेल्वेमंत्र्यांनी जाहीर केलं, की त्या वाटेनं जीएमआरटीच्या कामात अडथळा येईल. गाडी अहिल्यानगर, शिर्डी अशी न्यायची. जुन्नर-आंबेगावच्या लोकांना हे फार लागलं. मोर्चे निघाले, निवेदनं गेली. दुर्बिणीला धक्का न लावता मूळ वाटेनंच गाडी न्या, असं त्यांचं म्हणणं.

यावर आमच्यात दोन दिवस वाद झाला. आमच्यातल्या दौंडच्या बायका रेल्वेच्या गावच्या. त्या म्हणाल्या, रात्री स्टेशनात उभं राहिलं की इंजिनाच्या वरच्या तारेवर निळी ठिणगी उडताना दिसते. पूर्वी घरात ट्रान्झिस्टर लागलेला असताना कुणी दिव्याचं बटण दाबलं तर कशी खर्रकन खरखर व्हायची, आठवतं? तशीच. तर मग मंगळावरची कुजबुज ऐकणाऱ्या कानाला त्या ठिणग्यांचा त्रास होणारच, हे त्यांना लगेच पटलं. पण त्याच म्हणाल्या, रेल्वेनं गावाला काय मिळतं ते आम्हाला विचारा. शिक्षण मिळतं, नोकरी मिळते, दवाखाना जवळ येतो. आमच्यातल्या शिरूरच्या बायका म्हणाल्या, आणि रेल्वे नसली की काय जातं, ते आम्हाला विचारा. आमच्या गावात अजून रूळ नाही. कॉलेजच्या पोरी एसटीच्या दारात लोंबकळत जातात.

वाद मिटला नाही, पण एका गोष्टीवर आमचं एकमत झालं. ती म्हणजे, सावडीत जो राबला त्याचं नाव घ्यायला पाहिजे. मंगळाचा आवाज ऐकला तेव्हा बातमीत युरोपचं नाव आलं, अमेरिकेचं आलं, दुर्बिणीचंही आलं. तिच्यासाठी शांतता पाळणाऱ्या गावांचं नाव आलं नाही. खरं तर शांतता हीसुद्धा मजुरीच आहे. ती रोज द्यावी लागते, रविवारची सुट्टी नाही. दुर्बीण हलवा असं आम्ही म्हणणार नाही. ती एकट्या जुन्नरची नाही, एकट्या भारताचीही नाही, आणि एकदा गोंगाट शिरला की तो परत काढता येत नाही. पण जे शांतता देतात त्यांना ग्रामसभेत, मराठीत, समजेल असं सांगायला पाहिजे की काय घेतलं जातं आहे आणि का. आणि रेल्वे दुसरीकडून जाणार असेल, तर त्या गावांचा दिवस कसा फेडणार, तेही सांगायला पाहिजे. चांगल्या बस द्या, कॉलेजं द्या, मालाला रस्ते द्या. सावडीचा नियम तोच, नुसतं घेता येत नाही.

कुणी विचारेल, मंगळ ऐकून आमच्या चुलीला काय? बरोबर आहे. म्हणून शेवटी जमिनीवर येतो.

३० जुलै २०१४ ची सकाळ आपण विसरलेलो नाही. आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव. घोडीच्याच खोऱ्यातलं, आपल्या नदीच्या उगमाकडचं. पाऊस कोसळत होता, डोंगर खाली आला आणि दीडशेच्या वर माणसं गाडली गेली. त्यात आपल्यासारख्याच बायका होत्या, चुलीपुढं बसलेल्या.

बरोबर अकरा वर्षांनी, ३० जुलै २०२५ ला, श्रीहरिकोट्याहून एक उपग्रह उडाला. निसार. अमेरिकेची नासा आणि आपली इस्रो यांनी मिळून बनवलेला. त्यात दोन रडार आहेत, एक त्यांचं, एक आपलं. वर बारा मीटरची एक थाळी उघडते, आणि तीही जाळीचीच! हा उपग्रह दर बारा दिवसांत पृथ्वीवरची जवळजवळ सगळी जमीन दोनदा तपासतो. ढग असोत, रात्र असो, त्याला अडत नाही. म्हणजे ऐन पावसाळ्यात, जेव्हा बाकीच्यांना ढगाखालचं दिसत नाही, तेव्हाही तो बघतो. जमीन काही सेंटिमीटर जरी सरकली, खचली, तरी त्याला कळतं. मातीतली ओल, पिकांची वाढ, हेही कळतं. आणि त्याची माहिती सगळ्या जगाला फुकट.

खोटी आशा लावायची नाही. उद्या सकाळी अमुक डोंगर पडेल, असं कुठलाही उपग्रह सांगू शकत नाही. पण जो उतार वर्षानुवर्षं थोडा थोडा सरकतो आहे, तो दाखवता येईल. मग पुढचं काम आभाळातलं नाही, आपलं आणि सरकारचं. ती माहिती तालुक्याच्या कचेरीत उतरली पाहिजे, तिथून गावात आली पाहिजे, आणि डोंगराखाली राहणाऱ्या बाईच्या कानावर वेळेत गेली पाहिजे. साडेसतरा कोटी किलोमीटरवरचा आवाज आपल्याला ऐकू येतो. तहसीलपासून वस्तीपर्यंतचे वीस किलोमीटर तरी पार व्हायला हवेत. आपला हा छोटा रेडिओ त्यासाठीच आहे.

त्या दिवशी परत निघालो, फाटकाबाहेर आलो, सगळ्यांनी फोन चालू केले. तापाच्या पोराच्या आईनं आधी घरी लावला. ताप उतरला होता. मग ती मागं वळून थाळ्यांकडं बघत म्हणाली, "दिवसभर माझा फोन बंद होता. त्यात यांनी काही ऐकलं असेल, तर थोडं माझंही झालं की!"

आम्हाला तिचं बोलणं फार आवडलं.

तर मैत्रिणींनो, २८ फेब्रुवारी जवळ आली की गट जमवा, गाडी ठरवा आणि खोडदला जा. मुलींना न्या, मुलांना न्या, सासूबाईंनाही न्या. प्रश्न विचारायला लाजू नका. घरी सांगून जा, की दिवसभर फोन लागणार नाही. आणि संकष्टीला चंद्राची वाट बघत अंगणात उभ्या राहाल, तेव्हा एकदा सगळ्या आभाळाकडं नजर फिरवा. कुठल्या ना कुठल्या देशात कुणीतरी त्या घडीला जागं असतं, आणि कधी कधी ती पाळी आपली असते.

आता भाकरी उलटा, करपायला आली असेल. पुन्हा भेटू. नमस्कार!